वाटाड्याची नाव

इंदूरच्या माणसाने बंदरातल्या बोटीवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. आमच्या गावाला समुद्र नाही. एवढेच काय, पिण्याचे पाणीसुद्धा नर्मदेवरून, जलूदहून, सत्तरएक किलोमीटर नळांतून चढवून आणावे लागते. पण काही प्रश्न किनाऱ्यावर सुचतात आणि किनाऱ्यापासून लांबच्या घरांत जाऊन बसतात. काम संपलेल्या नावेचे काय करावे, हा त्यांतला एक.

नाव कोणती, ते आधी सांगायला हवे. मोठे जहाज महासागर ओलांडून येते आणि बंदराच्या तोंडाशी थांबते. खोल पाण्यात कप्तानाला लागणारे ज्ञान नकाशात आणि आकाशात मिळते. पण बंदराच्या तोंडाशी वाळूचे दांडे जागा बदलतात, ओहोटीची ओढ कुठल्या खडकाशी नेईल हे कागदावर पुरते कळत नाही. ते ठाऊक असते त्या गावच्या माणसाला. त्याला पायलट म्हणतात. विमानवाल्यांनी हा शब्द नंतर उचलला. मूळचा तो पाण्यावरचा. आपल्याकडे त्याला वाटाड्या म्हणावे, कारण घाटातल्या वाटाड्याचे आणि याचे काम एकच. हा वाटाड्या एका छोट्या बोटीतून जहाजापाशी जातो, जहाजाच्या अंगावरून सोडलेली दोराची शिडी हलत्या पाण्यावर चढतो, कप्तानाशेजारी उभा राहतो आणि जहाज धक्क्यापर्यंत आणतो. जबाबदारी मात्र शेवटपर्यंत कप्तानाचीच राहते. पनामा कालव्यासारखा एखादा अपवाद सोडला तर जगभर हीच रीत आहे. म्हणजे वाट सांगणारा निराळा आणि जहाजाचा धनी निराळा. आणि या वाटाड्याला नेणारी-आणणारी बोट तर कुठेच पोहोचत नाही! बंदराच्या तोंडापर्यंत जायचे आणि परत यायचे. दुसऱ्याचे आगमन सुखरूप व्हावे एवढ्यासाठी जन्मभर तीच दोन-चार मैलांची येरझार.

अमेरिकेत सॅन डिएगो बंदरात अशी एक बोट आहे. नावही तिचे तेच, ‘पायलट’. सुमारे ५२ फूट लांबीची ही लाकडी बोट १९१४ साली पाण्यात उतरली. पनामा कालवा खुला झाला तेच साल. तिने १९९६ पर्यंत, म्हणजे ८२ वर्षे, हे एकच काम केले. दोन महायुद्धे होऊन गेली, शिडांची जहाजे जाऊन तेलावरची आली, मग पेट्या वाहणारी आली. हिची येरझार चालूच. निवृत्तीनंतर ती तिथल्या सागरी संग्रहालयात गेली.

मला कुतूहल वाटते ते या निर्णयाचे. युद्धनौका जपतात ते समजते. तिथे अभिमान असतो, तोफा असतात, भाषणाला विषय मिळतो. या बोटीने एकही लढाई जिंकलेली नाही, कुणी राजा तिच्यातून गेलेला नाही. तिला जपण्यामागे अभिमानापेक्षा साधी कृतज्ञता असावी. पण निर्जीव वस्तूचे माणूस काही देणे लागतो का? लाकडाला उपकार कळतो का?

आता यावर आपल्या परंपरेचे उत्तर काय, ते पाहू गेल्यास मौज वाटते. खंडेनवमीला आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो. सुतार करवतीला, शिंपी यंत्राला, लेखनिक दौतीला हळदकुंकू वाहतो. पोळ्याला बैलाला पुरणपोळी देतो. पण ही सगळी पूजा कामावर असलेल्यांची आहे. दसरा झाला की करवत पुन्हा लाकडात जाते. मोडलेल्या करवतीची पूजा आपण करत नाही. उलट देवाची मूर्तीसुद्धा भंगली की तिचे विसर्जन करावे असे शास्त्र सांगते. जिथे गणपतीला दहा दिवसांनी, तेही वाजतगाजत, पाण्यात सोडतात, तिथे एका बोटीसाठी संग्रहालय कशाला? म्हणजे ‘भंगारात काढली, केवढी ही कृतघ्नता’ असे जे आपण चटकन म्हणतो, ते तितके सरळ नाही. विसर्जन हाही आदराचाच एक प्रकार आहे, आणि कदाचित जास्त प्रामाणिक.

तरीही आपण जपतो. कसे जपतो, ते आपल्या दिवाणखान्यांतच बघावे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जुने वाडे पडून इमारती उठल्या आणि त्यांबरोबर एक चाल आली. जात्याच्या तळीवर काच ठेवून त्याचे टेबल करायचे. अडकित्ता भिंतीवर टांगायचा. तांब्याचा बंब घासूनपुसून कोपऱ्यात ठेवायचा आणि त्याच्या तोंडात मनीप्लांट लावायचा. आमच्या घरीही बंब आहे आणि बरीच वर्षे तो असाच होता. पाहुणे कौतुक करत. ‘काय छान जपलंय!’ म्हणत. पण त्यात पाणी तापवायचे कसे, हे त्या पाहुण्यांपैकी फार थोड्यांना सांगता आले असते. बंबाचे एक मर्म आहे. आधी पाणी भरायचे, मग मधल्या नळीत जाळ घालायचा. रिकामा बंब पेटवला तर सांध्यांची झाळ वितळते आणि बंब कायमचा गळका होतो. हे मर्म म्हणजे बंबाचा अर्धा जीव. तो तांब्यात नसतो. पेटवणाऱ्याच्या हातात असतो. मनीप्लांट लावला की तांबे उरते आणि मर्म जाते.

हाच विचार घेऊन मुंबईच्या ‘विक्रांत’कडे वळले की फार अस्वस्थ व्हायला होते. आपल्या माहितीतले, आपल्या राज्याच्या बंदरातले तरंगते संग्रहालय म्हणजे तीच. सुमारे ७०० फूट लांबीची ही विमानवाहू नौका इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ‘हर्क्युलिस’ या नावाने बांधायला घेतली होती. युद्ध संपले आणि काम अर्ध्यावर पडले. १९५७ साली भारताने ती अपुरी नौका विकत घेतली, पुरी करवून घेतली आणि १९६१च्या मार्चमध्ये ती ‘विक्रांत’ म्हणून आरमारात आली. १९७१च्या युद्धात तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते, पूर्ण वेगाने जाता येत नव्हते; तशा अवस्थेत तिच्यावरच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार इथे हल्ले चढवले. अंगात दुखणे घेऊन कामावर गेलेल्या माणसांच्या गोष्टी आपल्या घराघरांत असतात. तिची गोष्ट त्यांतलीच वाटते.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. २००१ पासून ती मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येऊ लागली. शाळांच्या सहली जात. पण लोखंडी नौका खाऱ्या पाण्यात नुसती उभी राहणे ही विश्रांती नव्हे. पाण्याखालचा पत्रा रोज थोडा थोडा झिजतो. चालत्या नौकेला ठरावीक काळाने गोदीत घेतात, खरवडतात, रंगवतात, पत्रे बदलतात. उभ्या नौकेलाही हे सगळे लागते, फक्त तिच्यावर खर्च करायला कुणाचे मन होत नाही, कारण ती आता ‘कामाची’ नाही. कायमच्या स्मारकाच्या योजना निघाल्या आणि बारगळल्या. सुरक्षिततेच्या कारणाने २०१२ साली ती लोकांना बंद झाली. २०१४च्या आरंभी ६० कोटी रुपयांच्या बोलीला ती विकली गेली. तोडू नये म्हणून लोक मुंबई उच्च न्यायालयात गेले, मग सर्वोच्च न्यायालयात गेले. दोन्हीकडे निकाल विरुद्ध लागला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईच्याच दारूखान्यात तिचे तुकडे पडू लागले. पाठोपाठ ‘विराट’. २०१७ साली ती निवृत्त झाली. २०१८ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याची ८५२ कोटींची योजना मंजूर केली. आणि २०२० साली ती गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली.

लोक हळहळले ते ‘तोडली’ म्हणून. मला त्याहून सलते ते मधले. १९९७ साली, सलामी देऊन, तिला सन्मानाने तोडले असते तर ते विसर्जन ठरले असते. पण आपण तिला स्मारक म्हटले. स्मारक म्हणणे हे वचन आहे: उद्यापासून रोज कुणीतरी हिचा गंज खरवडील, असे ते वचन. शब्द दिला आणि गंज खरवडला नाही. दहा-पंधरा वर्षे आपण तिचा अभिमान बाळगला आणि तिचा तळ झिजू दिला. म्हाताऱ्या माणसाचा पंचाहत्तरीला हार घालून सत्कार करायचा आणि त्याची औषधे आणायला कुणी जायचे नाही, हे आपण घरी करतो तेच देशाच्या मापाने केले.

मोडल्यावर ती गेली कुठे, हाही प्रश्न गमतीचा आहे. तिच्या धातूचा काही भाग बजाज कंपनीने घेतला आणि २०१६ साली ‘व्ही’ नावाची मोटारसायकल काढली; जाहिरातच ती होती. म्हणजे राजवाड्यासमोरच्या गर्दीत हॉर्न वाजवणाऱ्या एखाद्या पोराच्या मांड्यांमध्ये विक्रांतचा अंश असू शकतो, आणि समुद्र नसलेल्या इंदुरापर्यंत ती अशी पोचली असू शकते! तिचे नाव मात्र कोचीला बांधलेल्या नव्या नौकेने घेतले. २ सप्टेंबर २०२२ रोजी ती आरमारात दाखल झाली. धातू एकीकडे, नाव दुसरीकडे. खरी विक्रांत कोणती?

ग्रीकांनी हे कोडे थिसियसच्या नावेवरून घातले होते: कुजलेली एकेक फळी बदलत गेले, सगळ्या बदलल्यावर नाव तीच की दुसरी? आपल्याकडे भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल हेच विचारले आहे. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. इंदूरकरांना त्यासाठी ग्रंथ उघडायला नको. आमच्या राजवाड्याने तो धडा दिलेला आहे. १९८४च्या दंगलीत तो जळला. पुढचा भाग उभा राहिला, मागचा नंतर पुन्हा बांधला. ‘हा खरा राजवाडा नाही’ असे म्हणणारे जुने लोक होते. त्याच राजवाड्यासमोर अर्धे गाव संध्याकाळी फिरते, आणि त्यांना तो खराच आहे. माझे मत विचाराल तर वस्तूची ओळख लाकडात थोडी, नावात थोडी, पण बरीचशी तिच्याभोवती चालू राहिलेल्या व्यवहारात असते. थिसियसच्या नावेचे कोडे घालणारे पंडित एक गोष्ट विसरतात. अथेन्समध्ये फळ्या बदलणारे सुतार होते. इतकी वर्षे नाव टिकली याचा अर्थ इतकी वर्षे नाव दुरुस्त करता येणारी माणसे टिकली.

म्हणून मला ती सॅन डिएगोची ‘पायलट’ जवळची वाटते. मूळचे इंजिन तिच्यात उरलेले नाही. पण तिथल्या लोकांनी तिला काचेत ठेवले नाही. ती खाडीत प्रवाशांना फिरवून आणते. वाटाड्याऐवजी हौशी माणसे बसतात, एवढाच फरक. चालवायची म्हटल्यावर इंजिन चालू लागते, सुकाणू धरता येणारा माणूस लागतो, गळती लागली तर त्याच दिवशी कळते. धक्क्याला बांधलेल्या नावेची गळती कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

मात्र याला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवून चालणार नाही. जर्मनीत हॅम्बुर्गला एल्ब नदीवर वाटाड्यांचे एक शिडाचे जहाज होते, १८८३ सालचे, नाव ‘क्रमांक ५ एल्ब’. काम संपल्यावर ते विकले गेले, पुढे अमेरिकेत गेले, आणि २००२ साली हॅम्बुर्गकरांनी ते परत आणले. त्यांनीही ते चालते ठेवले. २०१९ साली डेन्मार्कमध्ये सुमारे पंधरा लाख युरो खर्चून त्याची मोठी दुरुस्ती झाली आणि ते पुन्हा एल्बवर आले. ८ जूनला, ४३ माणसे घेऊन जात असताना, पेट्या वाहणाऱ्या एका जहाजाशी त्याची टक्कर झाली आणि ते बुडाले. माणसे सगळी वाचली, काहींना लागले. ज्या नदीत येणाऱ्या जहाजांना पूर्वी ते वाट दाखवायला माणूस पुरवत होते, तिथेच, तशाच एका जहाजाने! पाण्याबाहेर काढून ते पुन्हा दुरुस्त करण्यात आले. तेव्हा कुणी विचारील: १३६ वर्षांचा ठेवा पाण्यात न्यायची गरज काय होती? धक्क्यावर, छपराखाली सुरक्षित नव्हता का?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. इतके खरे, की दोन्ही वाटांना किंमत आहे. चालवाल तर आपटण्याचे भय; बांधून ठेवाल तर गंजण्याची खात्री. कारवारच्या टागोर किनाऱ्यावर ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका २००६ पासून जमिनीवर घेऊन ठेवली आहे; तिकडच्या वाचकांनी पोराबाळांना ती दाखवलीही असेल. जमिनीवर घेतली म्हणजे खाऱ्या पाण्यापासून तळ वाचला. युद्धनौकेला पाण्यात नेऊन पुन्हा लढवता येत नाही, तेव्हा तिथे दुसरा मार्गही नव्हता. प्रत्येक नावेला एकच नियम लावता येणार नाही. पण जिचे काम आजही थोडेफार करता येते, तिला केवळ जपायचे म्हणून कामावरून काढणे मला पटत नाही.

सीमेवरच्या आणि सीमेपलीकडच्या आपल्या मंडळींना हे सांगताना माझ्या मनात फक्त नावा नाहीत, हे एव्हाना ध्यानात आले असेल. होळकरांबरोबर मराठी माळव्यात आली त्याला पावणेतीनशे वर्षे होऊन गेली. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलने या गावी भरली. ती नाव किती मोठी होती, हे यावरून कळावे. आता अनेक घरांत ती धक्क्याला लागली आहे. गणपतीची आरती, मुंजीची पत्रिका, हळदीकुंकवातले उखाणे, आणि हो, दिवाळी अंक, एवढ्या खोल्या झाडूनपुसून ठेवल्या आहेत. बाकी दिवसभराचा कारभार हिंदीत. भाजी हिंदीत घेतली जाते, भांडण हिंदीत होते, आणि मुलांना राग आला की तो हिंदीत येतो. बेळगावला कन्नड, निपाणीला कन्नड, बुऱ्हाणपूरला हिंदी. पाणी निराळे, गत तीच.

आणि जिथे मराठी अजून चालती आहे तिथे ती आपटते. आमची पोरे ‘मी जेवून राहिलोय’ म्हणतात, ‘चाय’ पितात. पुण्याहून आलेल्या आत्याबाई हसतात. ‘अगं, जेवतोय म्हणावं!’ आत्याबाईंचे व्याकरण बरोबर आहे. पण तिसऱ्यांदा हसल्यावर पोरगी हिंदीत उत्तर देते, आणि मग ती चूक पुन्हा होत नाही, कारण मराठीच होत नाही. ‘कृपया हात लावू नये’ ही पाटी अशी लागते. ती आपल्यावर प्रेम करणाऱ्यांनीच लावलेली असते.

बँकेत आजीबरोबर गेलेली नात आजीचे म्हणणे खिडकीतल्या माणसाला हिंदीत सांगते, त्याचे उत्तर आजीला मराठीत आणून देते. दोन पाण्यांची ओळख असलेला बंदरातला वाटाड्या याहून निराळे काय करतो? बोट तिची लहान आहे, रंग उडालेला आहे, काही फळ्या हिंदीच्या बसवलेल्या आहेत. पण ती चालते आहे, आणि रोज चालते आहे. तिच्या फळ्या मोजत बसावे, की तिला आणखी चार मैल जाऊ द्यावे, हे घराघराने आपापले ठरवायचे. मी घरात दुसऱ्या बाजूने मत दिले आहे. पहिलीचाही आग्रह धरणारे विद्वान लागतातच. नाहीतर फळ्या बदलता बदलता नावच भलत्या बंदराला जायची. फक्त त्यांनी सुतारकाम शिकवावे, पहारा देऊ नये.

बंबातला मनीप्लांट आम्ही काढला. बर्तन बाजारातल्या एका कारागिराने गळकी जागा झाळून दिली, तोटी बदलली; म्हणजे आता तो शंभर टक्के पणजोबांचा राहिला नाही. नरकचतुर्दशीला पहाटे तो गच्चीवर पेटतो. शेजाऱ्यांची धुराबद्दल तक्रार असते, ती रास्त आहे. त्यांच्याकडे फराळाचे ताट जरा लवकर पाठवतो. पेटवायचे काम गेल्या वर्षीपासून नातीकडे आहे. आधी पाणी, मग जाळ, हे तिला पाठ झाले आहे. लाकडे ओली निघाली की ती जिन्यातून ओरडते, ‘आजी, नुसता धूरच येऊन राहिलाय!’ आणि आजी गोवरीचा तुकडा घेऊन वर जाते.